समासातलं गाव

संपादकांचा फोन आला. म्हणाले, ‘‘तावडेबाई, चर्चच्या ऑफिसात इतकी वर्षं काढलीत, तिथल्या गमतीजमती लिहा ना. दिवाळी आहे, जरा हलकंफुलकं.’’ मी हो म्हणून बसले. लिहायला घेतलं आणि लक्षात आलं की हलकं काही सुचतच नाहीये, नुसता राग येतोय. तेव्हा आधीच सांगते. गमती दोन-चार देईन, पण हा लेख चिडून लिहिलेला आहे आणि त्यातला बराचसा राग माझ्यावरचाच आहे.

अंधेरी पूर्वेच्या एका गावठाणातल्या चर्चमध्ये मी एकतीस वर्षं क्लार्क होते. मेट्रोच्या खांबांमागे, काचेच्या ऑफिसांच्या मधोमध अजून एक गाव आहे हे तिथून रोज जाणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. रिक्षा आत वळत नाही एवढ्या गल्ल्या, लाकडी कठड्यांची बैठी घरं, दारात तुळशीसारखीच निगा राखलेले क्रूस. माणसं ईस्ट इंडियन ख्रिश्चन, म्हणजे इथलीच, मुंबईची मुंबई व्हायच्या आधीपासूनची. घरात मराठी बोलतात, त्यांची स्वतःची.

आणि मी तावडे. वडील गिरणीत, मूळचे देवगडकडचे. तेव्हाचे फादर व्हॅलेरियन यांना मराठी अर्ज लिहिणारं कुणीतरी हवं होतं, कारण मिरवणुकीच्या परवानगीपासून नळाच्या तक्रारीपर्यंत सगळं मराठीत लागायचं आणि गावातल्या शिकलेल्या पोरांना इंग्रजीशिवाय काही लिहिता येत नव्हतं. माझं टायपिंग बरं होतं. नातेवाईक म्हणाले, बाटवतील हिला. आई म्हणाली, ‘‘देवाच्या घरात काम गावला तुका, आणखी काय होया गो?’’ एकतीस वर्षांत मला कुणी बाटवलं नाही. गणपतीला पाच दिवस सुट्टी मिळायची, नाताळात मात्र डबा खायला वेळ मिळत नसे.

चर्चच्या क्लार्कचं काम म्हणजे तीन वह्या. बाप्तिस्म्याची, लग्नाची आणि दफनाची. माणूस गावात आला, जोडीनं उभा राहिला आणि गेला, तिन्ही वेळा त्याचं नाव एकेका जाड रजिस्टरात चढतं. जुनी रजिस्टरं लॅटिनमध्ये आहेत, नंतरची इंग्रजीत. पासपोर्ट, शाळा, वारस, परदेशी व्हिसा, काहीही असो, माणूस शेवटी त्या तीन वह्यांपाशी येतो आणि क्लार्क त्याला उतारा काढून देतो. एवढंच काम. बाकी वेळ लोकांचं ऐकून घ्यायचं.

लोक काय काय मागायला येत! एक बाई मुलाचं लग्न ठरल्यावर आल्या. लग्नाआधी तीन रविवार मिसाच्या वेळी, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनेत, नवरानवरीची नावं पुकारतात. या लग्नाला कुणाची हरकत असेल, कुणाला काही माहीत असेल तर त्यानं येऊन सांगावं, असं फादर सगळ्यांसमोर विचारतात. त्याला पुकार म्हणतात. या बाई म्हणाल्या, ‘‘पुकार जरा हळू आवाजात होईल का? त्याची जुनी मैत्रीण नऊच्या मिसाला येते.’’ मी म्हटलं, सातच्या मिसाला पुकारू. बाई म्हणाल्या, ‘‘सातला तिची आई येते ना!’’ दुसरे एक गृहस्थ मढच्या एका बंगल्यात शूटिंग होतं तिथून आले. सिनेमात लग्नाचा सीन होता आणि त्यांना ‘ओरिजनल रजिस्टर’ हवं होतं, दोन दिवसांसाठी, भाड्यानं. त्यांना मी दारातूनच घालवलं. ती रजिस्टरं माझ्या कपाटात कुलपात असत आणि किल्ली माझ्या पदराला.

आता खरी गोष्ट. त्या गावात नावांची भारी टंचाई. जो तो संतांची नावं ठेवणार आणि संतही ठरलेले चार-पाच. एका वेळी गावात सात आंतोन परेरा होते, त्यातले तिघे पेद्रूचे मुलगे, आणि पेद्रूही वेगवेगळे. म्हणून गाव माणसाला दुसरं नाव द्यायचं. आंतोन बँडवाला, आंतोन लांब्या, आंतोन विहीरवाला, कारण त्याचं घर विहिरीशेजारी. आणि आंतोन क्रूसवाला, कारण गावातला सगळ्यात जुना क्रूस त्याच्या अंगणात.

माझ्या आधी तिथे रोझारमास्तर क्लार्क होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला रजिस्टराचा समास दाखवला. प्रत्येक नावासमोर, अगदी कडेला, बारीक पेन्सिलीत मराठी अक्षरं. ‘बँडवाल्याचा.’ ‘लांब्याची दुसरी.’ ‘क्रूसवाल्याची.’ मास्तर म्हणाले, ‘‘बाई, शाईतलं बिशपना दाखवायला. पेन्सिलीतलं आपल्याला माणूस ओळखायला. हे तुम्ही चालू ठेवा.’’ मी ठेवलं. नवं बाळ आलं की आधी विचारायचे, कुणाचं? आणि समासात लिहायचे. त्या समासात माझ्या हातचंही अर्धं गाव होतं.

ही झाली अभिमानाची बाजू. आता दुसरी.

चर्चच्या वर्धापनाचं मोठं वर्ष आलं. समारंभ होणार, बिशप येणार, जुनी रजिस्टरं काचेत मांडणार. नवे फादर तरुण, नीटनेटके, सगळं चकचकीत लागणारे. रजिस्टरांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या, उघडलं की साडीवर पिवळा भुगा पडायचा. मीच म्हटलं, ‘‘फादर, बाइंडिंग करून घेऊ.’’ बाइंडर आला. त्यानं विचारलं, ‘‘मॅडम, कडा कापून सरळ करू ना? नाहीतर कव्हर बसणार नाही नीट.’’ आणि मी, रजिस्टराची किल्ली पदराला बांधून फिरणारी मी, म्हटलं, ‘‘करा.’’

माझ्या तोंडून गेलेला हा शब्द. त्या दिवशी समारंभाच्या पत्रिका छापायला जायच्या होत्या, फोन वाजत होता, हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीही कारण म्हणून चालत नाही. रजिस्टरं लाल रेक्झिनमध्ये, सोनेरी अक्षरांत परत आली. सगळ्यांनी वाहवा केली. मीही हात फिरवला. पानं उघडून बघितली नाहीत. त्याच्या आधीच चर्चमधल्या चार उत्साही पोरांनी सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या. त्यांच्या तक्त्यात पेन्सिलीसाठी रकानाच नव्हता.

वर्षभरात नातलीन आंटी आली.

नातलीन परेरा म्हणजे क्रूसवाल्या आंतोनची एकुलती एक मुलगी. लग्न केलं नाही, शाळेत शिवण शिकवायची, बापाच्या घरात एकटी राहायची. दर मे महिन्यात तिच्या अंगणातल्या क्रूसापाशी रोज संध्याकाळी लदीन व्हायची, म्हणजे गावानं जमून म्हणायच्या प्रार्थना. प्रार्थना झाली की आंटी उकडलेले चणे आणि सरबत वाटायची. पोरं चण्यासाठी यायची, मोठी गप्पांसाठी, आणि म्हातारी खरंच प्रार्थनेसाठी. मी पण कैकदा चणे खाल्लेत.

आंटीच्या हातात एक नोटीस होती. बिल्डरनं तिचं घर आणि अंगण मूळ मालकाच्या वारसाकडून घेतलं होतं, तिनं ते खाली करावं. मिळकतीच्या कागदावर तिच्या बापाचं नाव होतं, आंतोन पेद्रू परेरा. वारस कोण? तर विहीरवाल्या आंतोनचा नातू, कॅनडात असतो. त्याचा आजाही आंतोन पेद्रू परेरा. त्यानं तिकडून कुलमुखत्यारपत्र पाठवलं आणि झालं. नातलीन कोण? तर म्हणे त्याच्या आज्यानं दयेनं राहू दिलेली बाई.

मी विचारलं, ‘‘आंटी, घर तुमच्या नावावर का नाही केलं? बाप जाऊन किती वर्षं झाली!’’

ती म्हणाली, ‘‘बाय, बापाचा नाव काढू तरी कसा? बिलावर नाव येते तवा वाटते, बापूस अजून घरान हाय.’’

त्या गावात हे घरोघरी आहे. विजेचं बिल मेलेल्या बापाच्या नावावर, घराचा कर मेलेल्या आज्याच्या नावावर. नाव बदलणं म्हणजे बापाला घराबाहेर काढणं. बाहेरच्या माणसाला हा मूर्खपणा वाटेल. बिल्डरच्या माणसांना तो बरोबर कळला होता, म्हणूनच ते त्या गावात आले होते.

आंटीचे वकील म्हणाले, सोपं आहे. भूमापनाच्या जुन्या नकाशात त्या अंगणात क्रूस दाखवलाय. नातलीन ही क्रूसवाल्याची मुलगी, असं जुनं काही लिहिलेलं मिळालं तर प्रश्नच मिटतो. आंटीचा चेहरा उजळला. माझाही. मी म्हटलं, ‘‘मिळालं काय, आहेच! तिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीसमोर मास्तरांच्या हातचं लिहिलंय.’’ मी स्वतः वाचलं होतं ते.

कपाट उघडलं, लाल रजिस्टर काढलं, पान लावलं. नातलीन, बापाचं नाव आंतोन परेरा, आईचं नाव, पाद्र्याची सही. आणि नावासमोर कागद संपलेला. कड सुरीसारखी सरळ. पेन्सिलीची एक तुटकी रेघ तेवढी राहिली होती. मी पान उलटलं, दुसरं, तिसरं. सगळीकडे तेच. सगळं गाव बाइंडरनं कापून टाकलं होतं, माझ्या परवानगीनं. आंटी समोर बसली होती. मी तिला म्हटलं, ‘‘आंटी, मी मेले असते तर बरं झालं असतं.’’ ती म्हणाली, ‘‘असा नको बोलू. गाव हाय ना. गावाला ठावं हाय.’’

हो, गावाला ठाऊक होतं. माझा खरा राग इथून सुरू होतो.

वकिलांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा दिला. एकच वाक्य महत्त्वाचं होतं. ‘क्रूस असलेलं घर व अंगण हे आंतोन क्रूसवाला यांचे असून नातलीन ही त्यांची मुलगी आहे, हे मला लहानपणापासून माहीत आहे.’ मी दहा प्रती टाइप केल्या, गावातल्या दहा जुन्या माणसांची नावं घालून. कुणालाही खोटं बोलायचं नव्हतं, जे रोज बोलतात तेच फक्त सही करून द्यायचं होतं.

पहिली प्रत घेऊन मी कोस्तान अंकलकडे गेले. लदीन कमिटीचे अध्यक्ष, नातलीनच्याच वयाचे, तिच्या अंगणात लगोरी खेळलेले. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

‘‘तावडेबाय, तुमचा म्हणणं बरोबर हाय. पण आमचा पण त्याच बिल्डरशी बोलणं चाललंय ना. पोरगा बोलते, या टायमाला मधे नको पडू.’’

‘‘अंकल, यात मधे पडणं कुठे आलं? खरं आहे ना हे?’’

‘‘खरा हाय. पण लिहून कशाला द्यायचा?’’

दुसऱ्या घरी सून म्हणाली, सासऱ्यांना आता काही आठवत नाही. सासरे मागे पलंगावर बसून माझ्याकडे बघत होते आणि त्यांना सगळं आठवत होतं. तिसऱ्या घरी चहा दिला, केक दिला, सही दिली नाही. चौथ्या घरी म्हणाले, आधी बाकीच्यांच्या घेऊन या, मग आम्ही. मी दहाही घरं फिरले. मे महिना होता. त्याच दिवशी संध्याकाळी ही सगळी माणसं नातलीनच्या अंगणात गुडघे टेकून लदीन म्हणत होती, आणि ती चणे वाटत होती. मी गेटाशी उभी होते, तिनं मलाही द्रोण आणून दिला. तो द्रोण तिच्या हातातून घेताना मला इतका संताप आला होता की तो सगळ्यांच्या अंगावर भिरकावावा असं वाटलं. फेकला नाही. खाल्ले चणे.

दुसऱ्या दिवशी मी फादरांच्या समोर उभी राहिले. म्हटलं, ‘‘फादर, लग्नासाठी तीन रविवार पुकार करता ना? कुणाला काही माहीत असेल तर सांगा म्हणून? एक रविवार या घरासाठी करा. नुसतं विचारा, की क्रूसाचं घर कुणाचं, ज्याला माहीत असेल त्यानं सांगावं. आल्टरवरून विचारलं तर ही माणसं गप्प बसणार नाहीत.’’

फादर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. समजूत घालायच्या सुरात म्हणाले, ‘‘तावडेबाई, चर्च जागेच्या वादात पडत नाही.’’

‘‘क्रूस आहे फादर त्या अंगणात. तुमचा.’’

‘‘क्रूसाचं बोलणं झालंय. बिल्डर तो नीट ठेवणार आहेत. ग्रॅनाइट बसवून देतायत.’’

मी ऑफिसात येऊन फायली आपटल्या. शेवटी एकच प्रतिज्ञापत्र सही झालं, माझं. समोरच्या वकिलानं त्याचा समाचार घेतला. बाई चर्चच्या पगारी नोकर, जन्मानं गावच्या नाहीत, धर्मानंही नाहीत, यांना लहानपणापासून कसं माहीत? रजिस्टरात लिहिलं होतं म्हणता? दाखवा. कापलं? कुणी कापायला सांगितलं? मी म्हटलं, ‘‘मीच.’’ तो खाली बसला.

निकाल विरुद्ध गेला. वकील म्हणाले, अपील करू. आंटी म्हणाली, बस झाला आता. तिचं सामान एका टेम्पोत मावलं. नाहूरला भाचीकडे, सहाव्या मजल्यावर, एका खोलीत ती जाऊन राहिली. मी दोनदा गेले होते भेटायला. दोन्ही वेळा तिनं एकच विचारलं, क्रूसाला हार कोण घालतं? तिथे तेव्हा पत्रे ठोकले होते आणि आत खड्डा होता. मी सांगितलं, ‘‘घालतात आंटी, रोज घालतात.’’ खोटं बोलले.

ती पुढच्या, ईस्टरआधीच्या उपवासकाळात गेली. मिसा आमच्याच चर्चमध्ये झाली आणि चर्च भरून माणसं आली. दहाच्या दहा घरं आली. रडली, खरंखुरं रडली, हे मला जास्त लागलं. पुष्पचक्रांत एक बिल्डरचं होतं, सगळ्यात मोठं. ते तिच्या पेटीला टेकवून ठेवलं होतं. मी उठून ते उचललं आणि बाहेर सायकलींपाशी नेऊन ठेवलं. तिथेही सगळे गप्पच.

दफनाची नोंद मी केली. नावाच्या रकान्यात शाईत लिहिलं, ‘नातलीन आंतोन परेरा, क्रूसवाल्याची.’ पत्त्याच्या रकान्यात नाहूर नाही लिहिलं. ‘क्रूसाचं घर’ लिहिलं. फादर सही करायला आले, थांबले.

‘‘तावडेबाई, असल्या गोष्टी समासात लिहायच्या असतात ना?’’

‘‘समास कापतात, फादर,’’ मी म्हटलं. त्यांनी सही केली. तेवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

मे महिना उजाडला. माझा नोकरीचा शेवटचा महिना. कोस्तान अंकल ऑफिसात आले, लदीनची नोटीस टाइप करून घ्यायला. दरवर्षी तेच सांगतात आणि मी टाइप करते. नवी इमारत अजून उभी राहत होती, पण तिच्या गेटाशी ग्रॅनाइटचा क्रूस बसला होता, काचेच्या पेटीत. वॉचमनला विचारून संध्याकाळी अर्धा तास उभं राहायला मिळणार होतं. चणे कमिटी वाटणार होती.

‘‘लिहा,’’ अंकल म्हणाले. ‘‘सालाबादप्रमाणे लदीन, आंतोन क्रूसवाला यांच्या अंगणातल्या क्रूसापाशी...’’

माझी बोटं थांबली. ‘‘कुणाच्या अंगणातल्या?’’

‘‘क्रूसवाल्याच्या. नुसता बिल्डिंगचा नाव टाकला तर म्हाताऱ्या माणसांना कळणार नय. क्रूसवाल्याचा बोलला की सगळ्यांना ठावं हाय.’’

मी टाइप केलं, शब्दन् शब्द. कागद काढून पुढे ठेवला. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि न वाचता सही केली, खाली लपेटा मारून, नेहमीसारखी. मग मी खालचा ड्रॉवर उघडला. त्यांच्या नावाचं ते प्रतिज्ञापत्र अजून तिथेच होतं. ते मी नोटिशीच्या शेजारी ठेवलं.

‘‘आता वाचा अंकल. दोन्ही वाचा. घर तेच, नाव तेच. त्या वेळी हे पेन कुठे गेलं होतं?’’

त्यांनी वाचलं. म्हातारा माणूस आहे, मला ते दिसत होतं, तरी मी थांबले नाही. म्हटलं, ‘‘ती सहाव्या मजल्यावर मेली. मेली तेव्हा विचारत होती, क्रूसाला हार कोण घालतं. सांगा ना, कोण घालतं?’’ माझा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला असेल. जाऊ दे, गेला तर गेला.

त्यांनी नोटीस उचलली, घडी करून खिशात घातली. प्रतिज्ञापत्राला हात लावला नाही. दारापाशी जाऊन म्हणाले, ‘‘पोरगा बोलला होता ना, बाय.’’ आणि गेले.

ते बिनसहीचं प्रतिज्ञापत्र मी रजिस्टरात नातलीनच्या नोंदीसमोर चिकटवलं आहे. पानाच्या मधोमध, कडेपासून चांगलं चार बोटं आत. माझ्या जागी आलेल्या मुलीला कपाटाची किल्ली देताना एवढंच सांगितलं, की बाइंडर आला आणि त्यानं कडा सरळ करू का विचारलं, तर हो म्हणायच्या आधी हे पान वाच.